परत पाठवलेला कोक

कारखान्यात तिला समोर सगळे ताई म्हणायचे आणि पाठ फिरली की तोफ. दोन्ही नावं तिला माहीत होती, आणि त्यातलं दुसरं तिला जास्त आवडायचं असं तिचा नवरा म्हणायचा. नवरा शिंपी. दिवसभर मान खाली घालून टाके घालणारा. घरात भांडण पेटायची चिन्हं दिसली की हा तोंडात चार टाचण्या धरून बसायचा, म्हणजे बोलायचा प्रश्नच नको. या दोघांचं लग्न कसं टिकलं ते मला विचारू नका. टिकलं खरं.

ताई कामाला होती ओतकामाच्या कारखान्यात, अगदी फाटकावर. बसगाड्यांच्या चाकात ब्रेकचे जे जड लोखंडी ड्रम असतात ना, ते तिथे ओतायचे. त्यासाठी एक उंच उभी भट्टी होती, आणि त्या भट्टीचं खाणं म्हणजे कोक. दगडी कोळसा बंद भट्टीत हवा न लागू देता भाजला, त्यातला धूर, डांबर, वास सगळं उडून गेलं, की मागे जो करडा, भोकाभोकांचा पण टणक ऐवज उरतो तो कोक. येणारा प्रत्येक ट्रक बघायचा, चांगला असला तर आत घ्यायचा, नसला तर परत पाठवायचा, एवढंच तिचं काम. एवढंच म्हणतोय, पण करून बघा एकदा. समोर ट्रकवाला हात जोडून उभा, मागे आणखी दोन ट्रकांचे भोंगे, आणि आत भट्टीवाले कोकाची वाट बघतायत. भल्याभल्यांचा पाय अशा वेळी घसरतो. तिचा कधी घसरला नाही.

ट्रक आला की ती पदर खोचून वर चढायची. वरचा थर पायाने बाजूला सारायची, कारण वरचा थर दाखवायचा असतो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण ते शीत पातेल्याच्या तळातलं घ्यावं लागतं, असं तिचं म्हणणं. पोटातून ढेपा काढायची, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाहीत एवढ्या, आणि एकमेकींवर ठोकायची. चांगला कोक पितळी भांड्यासारखा खणकतो. कच्चा बद्द वाजतो. मग रंग. चंदेरी करडा असला तर ठीक. टोकाला काळं, मऊ, बोटांना माखणारं काही दिसलं की समजायचं, घाईघाईने भट्टीतून ओढलाय, पोटात धूर शिल्लक आहे. शेवटी तीच ढेप डोक्यावर उचलून खालच्या जाड लोखंडी पत्र्यावर आपटायची, एकदा नाही, चार वेळा. चौथ्यांदा आपटूनही जी ढेप ढेपच राहिली तिला भट्टीत जागा. कारण उभ्या भट्टीत थरावर थर असतात, कोकावर लोखंड, लोखंडावर पुन्हा कोक, मध्ये चुनखडी. खालचा कोक भाराने चुरला तर हवेच्या वाटा बुजतात, आणि हवा नाही तर धग नाही.

राख किती आणि गंधक किती हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि तिकडून कागद यायचा. तो कागद ती दोनदा वाचायची. एकदा समजून घ्यायला आणि एकदा चूक काढायला.

आणि माल वाईट निघाला की मग तोफ. काय ती भाषा, काय तो आवाज! रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा थांबवून ऐकायचा. पण त्या शिव्यांतसुद्धा शिक्षण असायचं. "हा लोहाराकडे ने," ती ट्रकवाल्याला सांगायची. "त्याला एक फाळ तापवायचा असतो, त्याला बारीक चालतो. मला टनावारी लोखंड पाण्यासारखं पातळ करायचंय." दुसऱ्याला म्हणायची, हा चुरा वीटभट्टीवाल्याला दे, तो तुझे पाय धरेल. तिसरा फारच शहाणा निघाला, हाच माल मोठ्या पोलादाच्या कारखान्यात घेतात म्हणाला, तर त्याला तिने ऐकवलं की तिथल्या भट्टीत कोकावर घराएवढा भार येतो, तुझ्या या भुसभुशीत मालाचं तिथे पीठ होईल, आणि त्यानंतर तुझंही. पाणी मारून वजन वाढवलेला कोक आणणाऱ्यांची तर ती सात पिढ्यांची विचारपूस करायची. ते पाणी उडवण्यातच भट्टीची अर्धी ताकद जाते, आणि हे लोक पाण्याला कोकाचा भाव मागतात, म्हणजे चोर तो चोर वर शिरजोर.

परत पाठवलेला कोक चाळून, वर चार चांगल्या ढेपा रचून दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकावर आणणारे महाभागही तिने पाहिले होते. म्हणून तिने स्वतःच एक पद्धत पाडली. फाटकाशी गेरूच्या पाण्याची बादली ठेवायची. ट्रक नापास झाला की तीन चार तांबे गेरू मालावर भिरकावायची. करड्यावर तांबडं लांबूनही दिसतं. गेरू लागलेला कोक या फाटकातून आत येणार नाही म्हणजे नाही. मालकसुद्धा तिच्या या रीतीचं पाहुण्यांजवळ कौतुक करायचा. आमची ताई म्हणजे कारखान्याची तिजोरी, असं म्हणायचा. त्यातलं तिजोरी हे त्याने अगदी खरं सांगितलं होतं, पण ते पुढे येईल.

आता धाकट्याचं सांगतो, कारण सगळी आग लागली ती तिथेच.

धाकटा म्हणजे तिचा दीर. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा अर्ध्या चड्डीत होता. सासू आधीच गेलेली. सासरा होता, पण असून नसल्यासारखा. दारूने त्याचं सगळं खाल्लं, आधी नोकरी, मग भांडीकुंडी, शेवटी त्यालाच. बाप रस्त्यात पडला की त्याला उचलून घरी आणायला हा पोरगाच जायचा. बाप गेल्यावर ताईने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं, आणि त्याच कारखान्यात भट्टीवर चिकटवलं. तो दारूच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचा, इतका तो त्या वासाला भ्यालेला. मोठा होऊन तो तिथला मुख्य भट्टीवाला झाला. वर माळ्यावरून मजूर थर टाकायचे, आणि खाली भट्टीच्या तोंडाशी हा. लोखंड कधी सोडायचं, हवा किती ठेवायची, सगळं त्याच्या हातात. वहिनीने पास केलेला कोक आहे म्हटल्यावर तो पुन्हा बघायचाही नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ड्रम खराब निघायला लागले. लेथवर चढवले की कापणारं हत्यार तुटायचं, कारण लोखंडात मध्येच काचेसारखे कडक डाग. काहींच्या पोटात भोकं. दोन चार तर नुसते उतरवताना तडकले. बस बनवणाऱ्या कंपनीने गाड्या भरभरून माल परत पाठवला आणि निरोप दिला की आमचा तपासनीस येतोय, हे का होतंय ते त्याला दाखवा.

धाकटा आधी स्वतःवरच संशय घेत राहिला. हवा बदलून पाहिली, चुनखडी वाढवून पाहिली. लोखंड पांढरंपिवळं झगझगीत यायला हवं ते मंद तांबूस यायचं. लोखंडावर तरंगणारी मळी काळी, दाट, आणि तिच्यावर पाणी पडलं की सडक्या अंड्यासारखा वास. शेवटी एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपून सगळे भट्टीशी जमले होते तेव्हा, त्याने ताईला हळूच म्हटलं, "वहिनी, जरा कोक बघता का? मला कोकातच काहीतरी वाटतंय."

झालं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोक? तिचा कोक? ज्या कोकासाठी ती अख्ख्या गावाशी वैर घेऊन बसली होती, त्या कोकाला तिच्याच घरचा, तिच्याच हाताने मोठा झालेला पोरगा चार लोकांत नावं ठेवतो? तिने तोंडाचा पट्टा सोडला. मी सोन्यासारखा कोक देते आणि तू त्याची माती करतोस, म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. दोन दिवसांनी सगळे हसले असते. पण रागाला लगाम नव्हता, आणि समोरचा गप्प उभा होता, आणि गप्प माणूस पाहिला की तिला आणखी चेव यायचा.

"कोक मी बघितलाय. तू आरशात बघ. सकाळी कामावर येतोस तेव्हा डोळे लाल असतात तुझे. शेवटी बापाचंच रक्त."

सगळ्यांनी ऐकलं. मजुरांनी, साचेवाल्यांनी, आणि कागद घेऊन चाललेल्या मुनीमानेही. अहो, भट्टीवाल्याचे डोळे लालच असतात! आगीत बघून बघून सगळ्यांचेच असतात. हे तिला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण जीभ सुटली की माहिती कामाला येत नाही. धाकट्याने हातातली लांब सळई भिंतीला टेकवून ठेवली, हात धुतले, आणि पुन्हा कामाला लागला.

दुसऱ्याच दिवशी मुनीमाने त्याला बोलावून सांगितलं की तपासनीस येईपर्यंत कामावर यायचं नाही. भट्टीवाला पिऊन येतो अशी तक्रार आहे. धाकट्याने विचारलं, कोणाची? मुनीम म्हणाला, तुझ्या घरच्याच बाईची, आणखी कोणाची हवी? आणि तपासनिसाच्या कानावर हे गेलं की एका कारखान्याचा प्रश्न उरत नाही. ओतकामाचं जग लहान आहे. पिणाऱ्या माणसाला वितळल्या लोखंडाजवळ कोण उभं करेल? कुठेच नाही. धाकट्याचा हात आयुष्यभर या एकाच कामाला लागलेला. त्याच्या हातून भट्टी गेली की त्याच्याजवळ काय राहणार होतं?

घरात काय झालं असेल ते सांगायला नको. धाकटा आणि त्याची बायको त्याच घरात वरच्या खोलीत राहायचे. तो खाली जेवायला यायचा बंद झाला. जाऊबाई ताट वर घेऊन जायची आणि जाताना ताईच्या अंगाला पदरसुद्धा लागू द्यायची नाही. ताई धुमसत होती. माझं काय चुकलं, कोक चांगला आहे म्हणजे चूक भट्टीवरच असणार, दोन अधिक दोन चारच होतात, असं भांडी आपटत सांगत होती. कोणाला? भांड्यांनाच. नवऱ्याने बराच वेळ ऐकलं. मग त्याने तोंडातल्या टाचण्या एक एक काढून डबीत ठेवल्या.

"आमचे बाबा प्यायचे," तो म्हणाला. "त्यांना उचलून हा आणायचा, मी नाही. मला लाज वाटायची. तुला सगळं माहीत होतं."

आणि पुन्हा टाके घालायला लागला. ताईला त्या रात्री राग कोणावर काढावा ते कळेना, आणि तिच्यासारखीला याच्याइतकी मोठी शिक्षा नाही.

सकाळी ती कारखान्यात गेली ती भांडायला कोणीतरी शोधतच. वरच्या माळ्यावरचे मजूर कोक फार सांडतात, आज त्यांची खरडपट्टी काढू, असा विचार करून जिना चढली. माळ्यावर ढकलगाडी भरून ठेवलेली. वर तिचाच कोक, मोठमोठ्या करड्या ढेपा. तिने सवयीने वरच्या ढेपा बाजूला सारल्या आणि हात तसाच थांबला.

खालचा निम्मा माल तांबडा होता. गेरूचा.

तिने एक ढेप उचलून दुसरीवर ठोकली. बद्द. बोटं काळी झाली. दुसरी उचलली, तीही तशीच. मजुरांना विचारलं तर ते म्हणाले, आम्हाला काय ठाऊक ताई, मुनीम पहाटे गाड्या भरून घेतो, आम्ही फक्त ढकलतो. कुठून भरतो? मागच्या शेडमधून. आता मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली कोकाचा एक ढीग असतो हे तिला माहीत होतं. साचे सुकवायला आणि लोखंड वाहायची भांडी तापवायला हलका कोक चालतो, तो तिथे ठेवतात असं तिला सांगितलं होतं. हलक्या कामाला हलका कोक, त्यात वावगं काय? म्हणून तिने तिकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आज जाऊन ताडपत्री उचलली. तिने गेल्या कित्येक दिवसांत घसा फोडून परत पाठवलेले ट्रक तिथे एकावर एक ओतलेले होते. हा ओला, तो कच्चा, तो राखेचा. तिला एकेक ट्रक ओळखू येत होता, कारण प्रत्येकाला तिने वेगळी शिवी दिली होती.

ती थेट मालकाच्या खोलीत गेली. मालक गडबडला नाही हो! हेच मला सहन होत नाही. चोराने निदान चोरासारखं दिसावं. याने तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि समजुतीच्या सुरात सगळं सांगून टाकलं. ताई फाटकावर ओरडते, माल परत न्यायचं भाडं अंगावर पडणार म्हणून ट्रकवाला हवालदिल होतो. मग मागच्या गल्लीत मुनीम त्याला भेटतो आणि आपण म्हणू त्या पडत्या भावात माल उतरवून घेतो. भट्टीत अर्धा तिने पास केलेला, अर्धा तो. मिसळलं की कळत नाही.

"तुमच्या रागाची मला भट्टीइतकीच गरज आहे, ताई," मालक म्हणाला. "दुसरा कोणी असता तर ट्रकवाले एवढे घाबरले नसते."

"आणि माझा दीर?"

मालकाने खांदे उडवले. तपासनिसाला काहीतरी कारण द्यायलाच हवं. भट्टीवाला पितो म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही, ते कारण सगळ्यांना लगेच पटतं. आणि ते मी शोधलेलं नाही, तुम्हीच सगळ्यांसमोर दिलंत, असंही त्याने वर ऐकवलं. उद्या तपासनीस आला की तुम्ही फक्त एवढं सांगायचं की कोक चांगला आहे. ते खरंच आहे की, तुम्ही पास केलेला चांगलाच असतो. धाकट्याला मी माल उचलायच्या कामावर लावून घेईन, उपाशी मरू देणार नाही.

तुम्हाला वाटेल की इथे तोफ डागली असेल. नाही डागली. आजवर तिला वाटायचं, आपला राग म्हणजे आपला बाणा, आपली इभ्रत. आणि हा माणूस पंख्याखाली बसून सांगत होता की त्या रागावर तो इतके दिवस धंदा करत होता. ती उठून बाहेर आली, आणि फाटकावर उभ्या असलेल्या ट्रककडे न बघता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. भट्टी त्या दिवशी थंड होती. मालकाने धाकट्यालाही बोलावून घेतलं होतं, म्हणजे गुन्हेगार तयारच. तो भट्टीच्या पायाशी उभा होता, दाढी वाढलेली, मान खाली. बघणाऱ्याला पिणाराच वाटावा. साचेवाले, लेथवाले, मजूर, सगळे भोवती. मालकाने ताईला पुढे केलं. ही आमची कोकवाली, म्हणाला, हिच्यापुढे सगळे ट्रकवाले कापतात, हिच्या हातून वाईट माल आत येणं शक्य नाही. सांगा ताई, कोक कसा असतो आपला?

ताईने आधी भट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, "साहेब, मी पास करते तो चांगला असतो. मी परत पाठवते तो मागच्या शेडमध्ये असतो. चला, दाखवते."

मालकाचा चेहरा हलला नाही, आणि का हलला नाही ते शेडमध्ये कळलं. ताडपत्री काढली तर ढीग पाण्याने निथळत होता. मुनीमाने कारखाना सुटल्यावर नळी लावून गेरू धुवून टाकला होता. ढीग करडा, काळा, ओला. कुठे कुठे तांबूस झाक, पण मालक लगेच म्हणाला, भंगार लोखंडाचा गंज लागलाय, शेजारीच तर भंगार असतं. साचे सुकवायचा कोक आहे हा, साहेब. मजुरांनी माना खाली घातल्या. मुनीम तर हसलाच.

आणि मग ती भडकली. पण नेहमीसारखी नाही. ओरडली नाही, ढिगावर चढली, खालून एक ढेप उपसून काढली, लोखंडी पत्रा मागवला आणि ढेप डोक्यावर उचलून आपटली. पहिल्याच फटक्याला तिचे चार तुकडे झाले. ते तुकडे तिने तपासनिसाच्या हातात दिले. कोक वरून धुता येतो, आतून कसा धुणार? तो म्हणजे सगळा भोकांचाच. फेकलेला गेरू फटीफटीतून आत झिरपून खोलवर बसला होता, भोकाभोकात तांबडा. भंगाराचा गंज वर लागतो, पोटात जात नाही. तपासनिसाने दुसरी ढेप स्वतः उचलली, स्वतः आपटली. तिसरीही. मग माळ्यावर जाऊन ढकलगाडी उपसली. तिथेही तेच. काल भरून उरलेल्या गाड्या धुवायच्या मुनीमाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मालकाला आता घाम फुटला होता. पण बुडत्याला काडीचा आधार, तो म्हणाला, कोकाचं मी बघून घेतो, पण भट्टीवाला पितो हे तर खोटं नाही ना? हिनेच सांगितलंय. सगळ्यांनी ऐकलंय. विचारा कोणालाही.

सगळे ताईकडे बघायला लागले. आयुष्यात एकही शब्द परत न घेतलेली बाई ती. चूक कबूल करण्यापेक्षा तिने दात पाडून घेतले असते.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "खोटं म्हणाले. हा कधी प्यायला नाही. बाप प्यायचा म्हणून याने वाससुद्धा घेतला नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मी खरं खोटं बघत नाही. कोक बघते, माणूस बघत नाही."

हे बोलताना ती तपासनिसाकडे बघत नव्हती, धाकट्याकडे बघत होती. धाकटा जमिनीकडे बघत होता.

पुढचं थोडक्यात. तपासनिसाने मालकाला सांगितलं की नवीन ड्रम याच भट्टीवाल्याच्या हातचे आणि फक्त फाटकातून आलेल्या कोकावरचे हवेत, आणि मी न सांगता पुन्हा येऊन बघेन. धाकट्याची भट्टी त्याला परत मिळाली. ताईला मात्र थोड्या दिवसांत फाटकावरून काढलं. तोंडाळ आहे म्हणे! इतके दिवस ते तोंड विकून खाल्लं तेव्हा गोड होतं. असो. मला हे सांगताना अजून संताप येतो, पण तो माझा मला.

तपासनीस आला त्या दिवशी संध्याकाळी धाकटा घराच्या पायरीवर बसला होता. वर गेला नव्हता, खाली आत आला नव्हता. ताई बाहेर आली. तिने मनात बरंच काही जुळवून आणलं होतं, पण निघालं एवढंच, "चुकलं माझं."

धाकटा रस्त्याकडे बघतच बोलला, आवाज न चढवता.

"वहिनी, तुमचं म्हणणं चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून वाटलं, हेही खरं असेल. असेल आपल्यात काहीतरी, आपल्याला दिसत नसेल. त्या दिवसापासून रोज सकाळी उठलो की आधी दोन्ही हात समोर धरून बघायचो, थरथरतात का. बाबांचे थरथरायचे."

ताई तिथेच, त्याच्या शेजारी पायरीवर बसली, आणि नवऱ्याने आतून दोनदा हाक मारली तरी उठली नाही.